पोत कशी गाठतात?



या वेळच्या भित्तिपत्रकासाठी गुरुजींनी सांगितले, "ज्याला जे काम येते त्याने त्या कामाची माहिती लिहून आणा." कोणी भाकरीवर लिहिले, कोणी शेळीवर लिहिले. मी पोत गाठण्यावर लिहिते. हे काम मला येते असे मला आधी वाटत होते, पण येत नव्हते. आता थोडे थोडे येते. माझा लेख लांब झाला म्हणून गुरुजींनी दोन कागद जास्तीचे चिकटवून दिले आहेत. तरी सर्वांनी शेवटपर्यंत वाचावा, कारण शेवटी एक विनंती आहे.

पोत म्हणजे काय

आपल्याकडे लग्न झालेल्या बायांच्या गळ्यात काळ्या मण्यांची पोत असते. तिच्यात सोन्याचे मणी आणि वाट्या, नाहीतर डोरले ओवतात. तिला मंगळसूत्र पण म्हणतात. गुरुजींनी फळ्यावर हा शब्द फोडून दाखवला. मंगळ आणि सूत्र. सूत्र म्हणजे दोरा. मला नवल वाटले. दागिना सोन्याचा, पण त्याचे नाव दोऱ्यावरून पडले!

दागिना घडवतो तो सोनार. पण मणी ओवून, गाठी मारून, मागे गोंडा लावून दागिना गळ्यात घालण्यासारखा जो करतो त्याला पटवा किंवा पटवेकरी म्हणतात. पट्ट म्हणजे रेशीम, त्यावरून हे नाव आले. तो करदोडे, राख्या आणि रेशमाचे गोंडे पण करतो. आपल्या जिल्ह्यात खामगावची चांदी प्रसिद्ध आहे. पण चांदीच्या मण्यांची माळ असली तरी तिला दोरा लागतोच.

पोत ओवून आणली असे कोणी म्हणत नाही. पोत गाठून आणली असे म्हणतात. ओवणे तर पहिलीच्या पोरांना पण येते. खरे काम गाठीत आहे. हे मला नुकसान झाल्यावर समजले.

आमच्या घरी काय झाले

माझ्या आईच्या पोतीत १२० काळे मणी, ४ सोन्याचे मणी आणि २ सोन्याच्या वाट्या होत्या. पोतीचा दोरा विरला होता. आई म्हणाली, "बाजाराच्या दिवशी पटव्याजवळ नेऊ." पण कापसाची वेचणी सुरू होती. बाजाराला जायचे तर एक दिवसाची मजुरी बुडते. मी म्हटले, "माय, मी ओवून देतो ना!" घरात नायलॉनचा नवा दोरा होता. मी मणी मोजून ओवले, दोन गाठी मारल्या आणि पोत आईच्या गळ्यात घातली. आईने आरशात पाहिले आणि म्हणाली, "माही लेक पटवीनच झाली!" मला खूप आनंद झाला.

तिसऱ्या दिवशी आई दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायला गेली होती. कमरेला कापसाची ओटी बांधलेली होती. ओटी भरली म्हणून ती सोडायला वाकली आणि पोत गळ्यातून सुटून खाली पडली. मणी चहूकडे गेले. आपली जमीन काळी आणि मणी पण काळे. साऱ्या बाया वेचणी सोडून मणी शोधायला लागल्या. शाळा सुटल्यावर मी पण गेले. घरून पिठाची चाळणी आणली आणि माती चाळून पाहिली. अंधार पडेपर्यंत शोधले. ८३ काळे मणी सापडले. दोन्ही वाट्या सापडल्या. सोन्याचे ३ मणी सापडले. एक मणी सापडला नाही. त्या दिवशी आईची वेचणी अर्धीच भरली.

घरी आजी म्हणाली, "पोत तुटली म्हनू नये, वाढली म्हनाव." बांगडी फुटली, पोत तुटली की वाढली असेच म्हणतात. अशुभ शब्द तोंडातून काढायचा नाही म्हणून. मग आजीने विचारले, "पन वाढली कायनं?" आई म्हणाली, "दोरा जुना होता." मी तिथेच बसले होते. दोरा जुना नव्हता. मी काहीच बोलले नाही.

बाजारात पटवेकाकांनी काय सांगितले

पुढच्या बाजारी आई मला घेऊन तालुक्याच्या गावी गेली. पटवेकाका एका ओट्यावर पोते अंथरून बसले होते. बाजूला लाकडी पेटी, तिच्यात रंगीत रेशमाच्या लडी, मेणाचा गोळा, सुया आणि छोटी कात्री. ते दोऱ्याचे एक टोक पायाच्या अंगठ्याला अडकवतात आणि दोरा ताणून धरतात. मग दोन्ही हात कामाला मोकळे राहतात. त्यांचा पाय पण कामच करतो!

आईने पदराची गाठ सोडून मणी आणि दोरा दिला. काकांनी आधी मणी पाहिले नाहीत, दोरा पाहिला. बोटांतून इकडून तिकडे ओढला आणि म्हणाले, "बाई, हा दोरा तुटला नाही. आख्खा हाये. गाठ सुटली. कोनं मारली होती?"

आई म्हणाली, "म्याच मारली होती."

मी आईकडे पाहिले. आईने माझ्याकडे पाहिले नाही.

काका रागावले नाहीत. म्हणाले, "दोरा तुटला त दोऱ्याचा दोष. गाठ सुटली त हाताचा दोष. पन हात शिकते." मग त्यांनी पोत गाठली. मी बाजूला बसून सारे पाहिले आणि खूप प्रश्न विचारले. नंतरच्या दोन बाजारी पण गेले. त्यांनी मला सुतळीचा तुकडा दिला आणि म्हणाले, "आंधी जाडावर शिक, मंग बारकावर." तीन बाजारांत जे शिकले ते आता सांगते.

मणी कशाकशाचे असतात

काच : पोतीचे काळे मणी काचेचे असतात. उत्तर प्रदेशातील पुर्दिलनगर हे गाव काचेच्या मण्यांसाठी प्रसिद्ध आहे. तापवलेली मऊ काच लोखंडी सळईवर गुंडाळून मणी करतात. सळई काढली की भोक तयार. दुसऱ्या रीतीत काचेची पोकळ नळी ओढतात आणि तिचे बारीक तुकडे करतात. ते तुकडे पुन्हा तापवले की कडा गोल होतात. कडा नीट गोल झाली नाही तर भोक धारदार राहते आणि तेच आतून दोरा कापते. म्हणून काका प्रत्येक मण्याच्या भोकात सुई फिरवून पाहतात. खरखरीत मणी बाजूला काढतात.

समुद्रातले मणी : पोवळे हा दगड नव्हे. समुद्रातील बारीक प्राण्यांचा तो सांगाडा असतो. मोती शिंपल्यात तयार होतो. कवडी हे समुद्रातील गोगलगायीचे घर आहे. आपल्या जिल्ह्यात समुद्र नाही, तरी पोळ्याला बैलाच्या गळ्यात कवड्यांची माळ असते. मेहकर आणि लोणारकडच्या तांड्यांत बंजारा बाया कपड्यांवर कवड्या शिवतात.

झाडाचे मणी : रुद्राक्ष हे फळातले बी असते. तुळशीच्या काड्यांचे मणी करतात. वारकऱ्यांच्या तुळशीच्या माळेत १०८ मणी असतात. शेगावहून पालखी पंढरपूरला निघते तेव्हा कितीतरी जणांच्या गळ्यात ती दिसते. वैजयंतीच्या बीला तर जन्मतःच भोक असते, टोचावे लागत नाही.

गुंज : गुंज लाल असते आणि तिला काळा ठिपका असतो. पूर्वी सोनार गुंजांनी सोने मोजत. ८ गुंजा म्हणजे १ मासा आणि १२ मासे म्हणजे १ तोळा. म्हणजे तोळ्यात ९६ गुंजा. हल्ली बरेच सोनार १० ग्रॅमलाच तोळा म्हणतात, पण जुना तोळा ११ ग्रॅमहून जास्त भरे. आमचा हरवलेला मणी २ गुंजांचा होता. तसे ४८ मणी झाले की एक तोळा होतो. तुम्हाला वाटेल, एवढासाच तर मणी! पण तो आईने वेचणीच्या पैशातून घेतला होता. आणि मित्रांनो, एक सावधगिरी. गुंज फार विषारी आहे. ती चावायची नाही, फोडायची नाही, लहान भावंडांच्या हाती द्यायची नाही.

दगड : आपल्या वावरात पांढरी चकचकीत गारगोटी सापडते. आपला काळा खडक ज्वालामुखीच्या रसाचा झाला आहे. त्यातल्या पोकळ्यांत गारगोटी तयार होते. अशा दगडांचे मणी फार पूर्वीपासून करतात. आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यात भोकरदन आहे. तिथे १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी खोदकाम केले. सातवाहनांच्या काळातल्या वस्तू निघाल्या, त्यांत मणी पण होते. सुमारे २००० वर्षांचे मणी! पण ज्या दोऱ्यात ते ओवले होते तो दोरा मातीत कुजून जातो. मणी राहतात, दोरा राहत नाही. मग कोणी गाठ मारली होती हे कसे समजणार?

दोरे कोणकोणते

सुती दोरा : हा कापसाचा. स्वस्त असतो आणि गाठ पक्की धरतो. पण घाम आणि तेल लागून कुजतो. म्हणून सुती दोऱ्यातली माळ वरचेवर गाठून घ्यावी.

रेशीम : रेशमाच्या किड्याच्या कोशापासून निघते. एका कोशातला धागा सुमारे १००० मीटर लांब असू शकतो. आपल्या विदर्भात भंडारा आणि गडचिरोली जिल्ह्यांत ऐन आणि अर्जुन या झाडांवर टसर रेशमाचे किडे वाढवतात. रेशीम बारीक असून मजबूत असते, मऊ असते आणि गळ्याला टोचत नाही. म्हणून पटव्याचे ते आवडते.

नायलॉन : हे कारखान्यात होते. १९३५ साली अमेरिकेत पहिल्यांदा तयार झाले. कुजत नाही, तुटत नाही. मला वाटले, मग हाच सर्वांत चांगला! पण तो गुळगुळीत आणि ताठ असतो. गाठ मारली तरी तो सरळ व्हायला पाहतो आणि हळूहळू गाठीतून सरकतो. मजबूत दोरा आणि कच्ची गाठ, असे माझे झाले.

तार : हल्ली पुष्कळ पोती तारेत गाठतात. एकेका मण्यातून तार काढून तिचा आकडा वळवतात आणि आकड्यात आकडा अडकवतात.

दोऱ्याला पीळ का देतात

हा प्रयोग घरी करून पाहा. हातभर सुती दोरा घ्या. एक टोक मित्राच्या हाती द्या. दुसरे टोक एकाच बाजूने पिळत राहा. खूप पीळ बसला की दोरा मधोमध धरून दुमडा आणि दोन्ही टोके एकत्र आणा. मग मधला भाग सोडा. दोरा आपोआप एकमेकांभोवती गुंडाळतो! पहिला पीळ एका बाजूचा आणि दुसरा उलट्या बाजूचा असतो. दोघे उलट ओढतात म्हणून दोघेही उलगडत नाहीत. आमचे आबा अंबाडीचे दोर असेच वळतात. पटव्याचा रेशमी दोरा आणि बैलाचा कासरा, दोघांची युक्ती एकच.

पीळ दिल्यावर दोरा मेणाच्या गोळ्यावरून दोनतीनदा ओढतात. मेण लावले की दोऱ्याचे तंतू बाहेर येत नाहीत, तो भोकातून सहज जातो आणि गाठ सरकत नाही.

गाठी कोणत्या आणि कशा मारायच्या

पहिली, निरगाठ. दोऱ्याचा फास करून टोक त्यातून काढायचे आणि ओढायचे. ती सहसा सुटत नाही. सुईत ओवल्यावर दोऱ्याच्या शेवटी आपण मारतो तीच.

दुसरी, सुरगाठ. एक टोक ओढले की ती लगेच सुटते. बैलाचे दावे खुंट्याला असेच बांधतात. गोठ्यात साप निघाला, आग लागली तर एका झटक्यात बैल सोडता आला पाहिजे. म्हणजे सुटणारी गाठ वाईट असते असे नाही. ती कुठे मारायची ते समजले पाहिजे. दाव्याला सुरगाठ चांगली, पोतीला नाही.

तिसरी, दोन टोके जोडायची गाठ. माझी चूक इथेच झाली, म्हणून नीट सांगते. एक लाल आणि एक पांढरी सुतळी घ्या. लाल सुतळी उजव्या हातात, पांढरी डाव्या हातात. लाल टोक पांढऱ्याच्या वरून नेऊन खालून काढा. आता लाल डावीकडे आले. पुन्हा लालच पांढऱ्याच्या वरून न्या, खालून काढा आणि ओढा. ही खरी गाठ. लाल दोन्ही वेळा वर पाहिजे.

आपला हात काय करतो? पहिल्या वेळी उजव्या हातातले टोक वरून नेले, मग दुसऱ्या वेळी पण उजव्याच हातातले नेतो. पण तोवर टोकांची अदलाबदल झालेली असते. उजवीकडे आता पांढरे आहे. म्हणजे एकदा लाल वर आणि एकदा पांढरे वर. ही खोटी गाठ. दिसायला खऱ्यासारखीच, पण ताण आला की सरकते. मी हीच मारली होती.

खरी की खोटी कशी ओळखायची? गाठीची दोन्ही टोके पाहा. खऱ्या गाठीत टोके दोऱ्याच्या बाजूने, त्याला लागून सरळ पडतात. खोट्या गाठीत ती आडवी, दोन बाजूंना शिंगांसारखी निघतात. पोरांनो, तुमच्या बुटाच्या नाडीची गाठ पाहा. बो आडवा पडत असेल तर ती खरी. बो उभा राहत असेल, एक कान वर आणि एक खाली, तर ती खोटी. आमच्या वर्गात ज्यांना बूट आहेत अशा सहा जणांच्या नाड्या मी पाहिल्या. चौघांच्या खोट्या निघाल्या.

पटवेकाका खऱ्या गाठीवर आणखी एक निरगाठ मारतात आणि उरलेले टोक सुईने शेजारच्या मण्याच्या भोकात लपवतात. नायलॉन असेल तर टोक उदबत्तीने वितळवतात. त्याची बारीक गोळी होते, ती गाठीतून मागे जात नाही. हे काम मोठ्यांनीच करावे, कारण वितळलेला नायलॉन हाताला चिकटला तर खूप भाजते.

चौथी, मण्यामणीची गाठ. मोत्याच्या आणि पोवळ्याच्या माळेत दोन मण्यांच्या मध्ये एकेक गाठ असते. मणी ओवला की फास करायचा आणि सुई त्यातून काढायची. पण गाठ लगेच आवळायची नाही. फासात दुसऱ्या सुईचे टोक घालायचे आणि त्या सुईने गाठ ढकलत मण्याला टेकवायची. मग दोरा ओढता ओढता सुई काढून घ्यायची. नाहीतर गाठ मण्यापासून लांब बसते आणि माळ ढिली दिसते. माझ्या पहिल्या माळेत मणी एकीकडे आणि गाठी दुसरीकडे झाल्या होत्या. दोरा पण पुरला नाही. गाठी दोरा खातात, म्हणून माळेच्या दुपटीहून जास्त दोरा घ्यावा.

या गाठीचे दोन फायदे आहेत. मणी मण्याला घासत नाही. आणि दोरा कुठे तुटला तर तिथला एखादाच मणी पडतो, बाकीचे जागेवर राहतात. पोतीचे काळे मणी फार बारीक असतात, प्रत्येकामागे गाठ मारली तर सारी पोत गाठींचीच होईल. म्हणून काकांनी आईच्या पोतीत सोन्याच्या प्रत्येक मण्याच्या दोन्ही बाजूंनी गाठ मारली. मी विचारले, "काका, आंधी अशी गाठ असती त?" काका म्हणाले, "त काळे मणी गेले असते, सोनं दोऱ्यातच राह्यलं असतं."

पाचवी, सरकती गाठ. ठुशीच्या मागे दोरी असते. ती ओढली की ठुशी लहानमोठी होते. याची सोपी रीत अशी. एका टोकाने दुसऱ्या दोऱ्याभोवती गाठ मारायची आणि दुसऱ्या टोकाने पहिल्याभोवती मारायची. दोन्ही गाठी जवळ आणल्या की माळ मोठी होते, लांब केल्या की लहान होते. राखीला अशी दोरी लावून पाहा.

सहावी, गोंड्याचा वेढा. रेशमाच्या धाग्यांचा जुडगा दुमडायचा. दुसऱ्या एका दोऱ्याचा लांब फास करून तो जुडग्यावर ठेवायचा. फासाचे तोंड खाली आणि दोऱ्याचे छोटे टोक वर. लांब टोकाने जुडगा आणि फास दोघांवरून आठ-दहा घट्ट वेढे घ्यायचे. मग ते टोक फासाच्या तोंडातून काढायचे आणि वरचे छोटे टोक ओढायचे. फास आत जातो आणि शेवट वेढ्याखाली लपतो. गाठ कुठे आहे ते दिसतच नाही. पोळ्याच्या गोंड्यांना पण असाच वेढा देतात. पुढच्या पोळ्याला आमच्या बैलांचे गोंडे मीच करणार आहे.

गाठ तपासावी

काकांनी सांगितले की गाठ मारली म्हणजे काम झाले नाही. ती ओढून पाहिली म्हणजे काम झाले. नवी माळ कोणाला देण्याआधी मी आता असे करते. त्याच दोऱ्याचे एक कडे करते, त्याच रीतीने गाठते आणि खुंटीला अडकवते. त्यावर पाण्याने भरलेला छोटा तांब्या टांगते. रात्रभर ठेवते. सकाळी तांब्या खाली असेल तर गाठ खोटी. प्रयोग करताना खाली भांडे ठेवावे. पहिल्यांदा मी ठेवले नव्हते, तेव्हा आजीचे अंथरूण भिजले.

ही तपासणी मी आधी केली असती तर बरे झाले असते. पण तेव्हा मला गाठीपेक्षा कौतुकच जास्त दिसत होते.

शेवटचे

आईच्या पोतीत आता १२० काळे मणी आहेत. ८३ जुने आणि ३७ नवे. सोन्याचे मणी ३ आहेत. चौथ्याच्या जागी आईने पोवळ्याचा लाल मणी घालायला लावला. बाया विचारतात तेव्हा ती म्हणते, असाच चांगला दिसते. मागच्या आठवड्यात आईने करदोड्याचा दोरा माझ्या हाती दिला आणि म्हणाली, "बबड्याच्या कमरेले बांध, पक्की गाठ मार." मी मारली. आईने ती ओढून पाहिली नाही. मग मीच तिच्यासमोर ओढून दाखवली.

पटवेकाकांनी विचारले तेव्हा आई म्हणाली, म्याच मारली. आजीने विचारले तेव्हा म्हणाली, दोरा जुना होता. दोन्ही खरे नाही. दोरा नवा होता आणि गाठ माझी होती. मी तेव्हा बोलले नाही म्हणून इथे लिहिले आहे. आमच्या आजीला वाचता येत नाही. पालकसभेच्या दिवशी ती येणार आहे, तेव्हा मी तिला हा कागद वाचून दाखवणार आहे.

आता माझी विनंती. नाल्याच्या पलीकडे, मोठ्या बाभळीजवळच्या वावरात आमचा एक सोन्याचा मणी पडला आहे. ज्वारीच्या दाण्याहून थोडा मोठा आहे. उन्हाळ्यात तिथे नांगरट होईल, मग पाऊस पडेल आणि माती धुतली जाईल. तेव्हा तो वर येईल असे आबा म्हणतात. तिथे जे कोणी नांगरायला, निंदायला किंवा शेळ्या चारायला जातील त्यांनी खाली पाहत चालावे. सापडला तर आमच्या घरी किंवा गुरुजींजवळ द्यावा. जो आणून देईल त्याला मी एक माळ गाठून देईन. ओढून पाहिलेली देईन.

— इयत्ता चौथीतील एक विद्यार्थिनी